नारायण मेघाजी लोखंडे : रविवारच्या सुट्टीपलीकडचे

सुपारीबाग

जून उजाडला की एक संदेश सगळीकडे फिरायला लागतो. "आज तुम्ही रविवारी निवांत झोपता ते कुणामुळे?" खाली नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव, १० जून १८९० ही तारीख, आणि हात जोडलेली चिन्हं. तारीख बरोबर आहे, नावही बरोबर आहे. पण दरवर्षी तो संदेश वाचताना मला वाईट वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण एका सुट्टीच्या दिवसात बसवून टाकलं आहे. म्हणून हा धागा. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. मूळ गाव पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातलं कन्हेरसर. घर माळ्याचं, परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मांडवीच्या एका कापड गिरणीत कारकून म्हणून लागले. गिरणीत खांद्याला खांदा लावून साचे चालवणाऱ्यांपैकी ते नव्हते. पण हजेरी, पगार, दंड, खाडे हे सगळं ज्या कागदांवर चढतं ते कागद त्यांच्या हाताखालून जात होते. पुढे त्यांनी जे अर्ज लिहिले त्यात घोषणांपेक्षा हिशेब जास्त का दिसतो, याचं उत्तर मला या नोकरीत सापडतं.

दुसरं घडवणारं ठिकाण म्हणजे सत्यशोधक समाज. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली तो स्थापला. समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केलं. ते पत्र अडचणीत आल्यावर १८८० पासून लोखंडे यांनी मुंबईतून चालवलं. दिवसा गिरणीचं काम आणि उरलेल्या वेळात पत्र. पुढे गिरणीची नोकरी सोडून त्यांनी स्वतःला याच कामात झोकून दिलं.

आता त्या वेळची गिरणी डोळ्यांसमोर आणा. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावरांनी उभारली आणि पुढच्या ३०-३५ वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सगळा पट्टा धुरांड्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, पुणे भागातून माणसं येत होती. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे कामाचा दिवस सूर्यावर चाले. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. ऐकायला बरं वाटतं, पण मे महिन्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होतो. वाफेवर चालणारी यंत्रं, बंद खिडक्या (वारा आला की सूत तुटतं), हवेत कापसाचा पिंजर. जेवणाला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालू असतानाच एकानं दुसऱ्याचं बघायचं आणि आडोशाला दोन घास गिळायचे. आठवड्याची सुट्टी नाही. सणाला गिरणी बंद राहिली तरी बऱ्याच ठिकाणी यंत्रं पुसायला यावंच लागे. पगार महिना संपल्यावर कधी होईल याचा नेम नाही. तोवर वाणी, खानावळ, सावकार यांची उधारी.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. (माझं इथलं नाव तिथूनच घेतलं आहे.) त्या सभांतून एक अर्ज तयार झाला आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी तो फॅक्टरी आयोगापुढे ठेवला गेला. त्यात पाच मागण्या होत्या. मी त्या माझ्या शब्दांत देतो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

ही यादी सावकाश वाचा आणि मग प्रत्येक मागणी कधी पुरी झाली ते बघा.

साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास या दोन गोष्टी १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आल्या. म्हणजे सात वर्षांनी. गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्यानं पहिली मर्यादा १९११ साली घातली, तीही १२ तासांची. म्हणजे २७ वर्षांनी. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा १९२३ चा. ३९ वर्षांनी. पगार ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा १९३६ चा. ५२ वर्षांनी. लोखंडे १८९७ मध्येच गेले. सुपारीबागेत अंगठा उठवणारा विशीतला कामगार पगार वेळेवर मिळण्याचा कायदा येईपर्यंत सत्तरी ओलांडून गेला असेल, जगला असेल तर.

आपण मात्र पाचांतली एक मागणी लक्षात ठेवली आणि बाकी चार सोडून दिल्या. मला विचाराल तर त्यातली सगळ्यात धीट मागणी पाचवी होती. सुट्टी द्यायला मालकाचा फार खर्च होत नाही, यंत्रांनाही विसावा लागतोच. पण पट्ट्यात हात गेलेल्या माणसाची जबाबदारी गिरणीची, असं १८८४ साली लिहून देणं वेगळं. तोवर हात गेला की माणूस गेला, त्याच्या जागी फाटकाशी उभा असलेला दुसरा आत घ्यायचा, अशी रीत होती.

रविवारचा लढाही सहज मिटला नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. सभेच्या वतीनं गिरणीमालक संघाकडे निवेदन गेलं आणि १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवाला जाता यावं, असा मुद्दा लोखंडे यांनी मांडला असं सांगतात. घाटावरून आलेल्या माणसाला हे लगेच पटण्यासारखं होतं. रविवार साहेबाच्या प्रार्थनेचा म्हणून आपल्याला नको, अशी कुरकुर करायला मग जागाच राहिली नाही.

परळला कामगारांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी सरकारी श्रम विज्ञान संस्था आहे, तिला त्यांचं नाव आहे. २००५ साली टपाल तिकीटही निघालं. नाव आहे, पण माणूस माहीत नाही. इथल्या जाणकारांनी भर घालावी.

---

रानवारा

उत्तम धागा. पाच मागण्या आणि त्यांच्या पुढची वर्षं वाचून थांबले, पुन्हा वाचली.

एक प्रश्न. गिरण्यांत त्या वेळी लहान मुलंही असायची ना? लोखंडे यांनी मुलांसाठी वेगळं काही मागितलं होतं का? वरच्या पाच मागण्यांत मुलांचा उल्लेख दिसत नाही.

---

सुपारीबाग

रानवारा, नेमका प्रश्न. त्या पाचांत मुलांसाठी वेगळं कलम दिसत नाही हे खरं. पण मुलं या अर्जाच्या बाहेर होती असं मी म्हणणार नाही. कारण सांगतो.

मुलांबद्दलचा पहिला कायदा १८८१ चा. तो घडवण्यामागे मुंबईतले पारशी समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांची खटपट मोठी, त्यांचं नाव या संदर्भात घेतलंच पाहिजे. त्या कायद्यानं काय दिलं? ७ वर्षांखालचं मूल कामावर ठेवायचं नाही. ७ ते १२ वयाच्या मुलाकडून दिवसाला ९ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये एक तास विश्रांती, महिन्यात चार सुट्ट्या. धोक्याच्या यंत्रांना कुंपण. आणि हे सगळं १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू. सात वर्षांच्या मुलानं नऊ तास काम करणं ही कायद्याची दया होती!

आता या कायद्यातली मेख बघा. बारा वर्षं पुरी झाली की मूल प्रौढांत मोजलं जाई. प्रौढांच्या तासांना तर काहीच मर्यादा नव्हती. म्हणजे बारा-तेरा वर्षांचा पोर उन्हाळ्यात पुरे तेरा-चौदा तास उभा. भरलेल्या बॉबिना काढायच्या, रिकाम्या लावायच्या, तुटलेलं सूत जोडायचं, यंत्राखालचा कापूस झाडायचा. ही कामं लहान बोटांची, चपळ पायांची म्हणून मुलांकडे. आणि पट्ट्याच्या, दातेरी चाकांच्या सगळ्यात जवळचीही हीच.

अशा वेळी "सगळ्यांचं काम सूर्यास्ताला थांबवा, सगळ्यांना दुपारी अर्धा तास द्या, जखमी झालेल्याला सांभाळा" या मागणीचा सर्वात जास्त उपयोग कुणाला? ज्याला कायद्यानं बाराव्या वर्षी मोठं करून टाकलं होतं त्या पोराला. बापाचा दिवस लहान झाल्याशिवाय मुलाचा दिवस लहान होत नाही. दोघं एकाच यंत्राच्या तालावर कामाला असतात.

१८९० मध्ये सरकारनं पुन्हा आयोग नेमला. त्याच्या मुंबईतल्या कामात लोखंडे यांनाही घेतलं होतं. त्यानंतर आलेल्या १८९१ च्या कायद्यानं किमान वय ९ केलं, ९ ते १४ वयाच्या मुलांना दिवसाला ७ तास, बायकांना ११ तास आणि मध्ये दीड तास विश्रांती. मुलाची व्याख्या बारावरून चौदावर गेली, हा यातला सर्वात मोठा फरक. कायदा ५० कामगारांच्या कारखान्यांपर्यंतही खाली आला.

---

कोरडवाहू

लेख चांगला आहे, पण थोडं दुसऱ्या बाजूनं बोलतो. राग मानू नका.

पहिली गोष्ट, हे फॅक्टरी कायदे आले त्यामागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता. मुंबईचं सूत स्वस्त पडत होतं, चीनच्या बाजारात त्यांना मार बसत होता, म्हणून मुंबईच्या गिरण्यांवर बंधनं आणा अशी ओरड मँचेस्टरनं केली. आपली बहुतेक राष्ट्रीय विचाराची वृत्तपत्रं त्या काळात या कायद्यांच्या विरोधात होती ती त्यामुळेच. देशी धंदा बुडवायचा डाव, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं.

दुसरी गोष्ट, लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला पहिली कामगार संघटना म्हणतात. १८९२ च्या फॅक्टरी अहवालात स्वच्छ नोंद आहे की या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे येईल त्या कामगाराला आपणहून सल्ला देणारे गृहस्थ, एवढंच. आज आपण जिला संघटना म्हणतो ती १९१८ साली मद्रासला सुरू झाली. मुंबईत खरी ताकद १९२८ च्या गिरणी कामगार युनियनमध्ये दिसली. संपाशिवाय, वर्गणीशिवाय, नुसत्या अर्जांवर काय उभं राहतं?

आणि सरकारनं लोखंडे यांना रावबहादूर हा किताब दिला, हे विसरू नका.

---

पाळीवाला

कोरडवाहू, मला यावर लिहायचंच होतं. आमच्या घरात तीन पिढ्या गिरणीत गेल्या. पणजोबा, आजोबा, आणि वडील संपापर्यंत.

तुम्ही म्हणता "नुसता सल्ला". आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी म्हणजे लोखंडे यांच्यानंतर पन्नास वर्षांनीही, कागद बघितला की कामगाराच्या पोटात गोळा यायचा. जॉबर (कामगार भरती करणारा गिरणीतला मुकादम) म्हणेल तो पगार, जॉबर म्हणेल तो दंड. कापडात डाग दिसला की ते खराब कापड विणणाऱ्याच्याच गळ्यात मारायचे आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे. कशाचे किती कापले हे विचारायला तोंड नाही, कारण जॉबरनं दुसऱ्या दिवशी "आज काम नाही" म्हटलं की खेळ खलास. अशा माणसासाठी गिरणीचे कागद आतून माहीत असलेला, इंग्रजी लिहिता येणारा एक माणूस फुकट बसतो आणि अर्ज लिहून देतो. तो माणूस म्हणजेच संघटना होती त्यांच्यासाठी. सभासदांची यादी ठेवली असती तर ती पहिली जॉबरच्या हातात गेली असती.

आणि ५,५०० सह्या म्हणजे काय गंमत वाटली? एवढ्या लोकांनी नोकरी पणाला लावून कागदावर अंगठा उठवला. मालकांना त्यातलं एकेक नाव शोधता आलं असतं.

लँकेशायरचं म्हणाल तर ते बरोबर आहे, त्यांचा स्वार्थ होता. पण आमच्या पणजोबांना दुपारी बसून भाकरी खाता आली तेव्हा ती कुणाच्या स्वार्थामुळे खाता आली याचा हिशेब त्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. दोन मोठे भांडत असताना तिसऱ्यानं आपलं पदरात पाडून घेतलं, तर त्यात त्याचं शहाणपण दिसतं. देशी मालकानं चौदा तास राबवलं म्हणून पाय दुखायचे कमी होत नव्हते.

---

कोरडवाहू

पाळीवाला, सभासदांच्या यादीचा मुद्दा पटला. तो माझ्या डोक्यात आला नव्हता. लँकेशायरबद्दल मात्र मी माझं म्हणणं सोडत नाही. कायदा कुणाच्या सोयीनं येतो यावर त्याची अंमलबजावणी ठरते. १८८१ नंतरही तपासनीस मोजके आणि जन्माची नोंद कुणाकडेच नाही. मुलाचं वय नुसत्या अंदाजानं ठरायचं. आठ वर्षांचा पोर बारा वर्षांचा करायला किती वेळ लागतो?

---

सुपारीबाग

यावर माझं तुमच्याशी भांडण नाही, कोरडवाहू. अंमलबजावणी फार कच्ची होती. म्हणूनच मला आठवड्याच्या सुट्टीचं मोल कळतं. गिरणी बंद आहे की चालू हे धुरांड्याकडे बघून आख्ख्या परळला कळतं. तिथे वय लपवता येत नाही, तास लपवता येत नाहीत. भोंगा वाजला नाही म्हणजे सगळे घरी, सात वर्षांचाही आणि सत्तरचाही. ज्या नियमाची तपासणी कामगार स्वतः करू शकतो तो नियम टिकतो. लोखंडे यांनी रविवारचा इतका पाठपुरावा का केला याचं हे एक कारण असावं, असा माझा अंदाज.

रावबहादूरकीबद्दल. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, त्यात गिरणी कामगारही ओढले गेले. त्या वेळी लोखंडे यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या कामगारांची मोठी सभा घेऊन सलोख्यासाठी काम केलं. किताब त्या कामाशी जोडला जातो. सरकारशी ते भांडून नाही तर बोलून काम काढत, हे मान्य. ज्या काळात संपाला कायद्याचं कसलंच संरक्षण नव्हतं (ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानंतर आलं) त्या काळात दुसरी वाट फारशी रुंद नव्हती.

---

जोगवा

मी मघापासून एकाच ओळीपाशी अडकले आहे. "दोन कामगार स्त्रियाही बोलल्या." १८९० साल! दहा हजार पुरुषांच्या मैदानात!

त्या बायका कुठल्या खात्यातल्या असतील? त्या वेळी बायका बहुतेक रीळ आणि वाइंडिंग खात्यांत असायच्या. सुताच्या गुंड्या करायच्या, बॉबिनीवरचं सूत दुसरीकडे घ्यायचं. पगार कामावर, म्हणजे जेवढं सूत तेवढे पैसे. तान्हं मूल सोबत. मूल रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी चाटवून निजवायचं, ही गिरणगावातली रीत पुढे कित्येक वर्षं चालू होती. पाळणाघर ही कल्पना नंतरची. तेव्हा मुलांचा प्रश्न म्हणताना कामावरच्या मुलांइतकीच ही कामावर नेलेली मुलंही धरा. आईचे तास अकरावर आले आणि मध्ये दीड तास सुटला, याचा अर्थ त्या तान्ह्या जिवाला दिवसातून एकदा तरी धड दूध मिळालं.

आणखी एक गोष्ट लोखंडे यांच्याबद्दल सांगायलाच हवी. विधवांचं केशवपन बंद व्हावं म्हणून मुंबईतल्या नाभिकांना त्यांनी संघटित केलं. आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं नाभिकांनीच ठरवलं. १८९० च्याच सुमाराची ही गोष्ट. मला यातली युक्ती फार आवडते. सुधारकांची व्याख्यानं वर्षानुवर्षं चालली होती, शास्त्रार्थ चालले होते. या माणसानं शास्त्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, हे काम प्रत्यक्ष करतं कोण? त्याचा हात थांबवा. कामगाराच्या हातात काय ताकद आहे हे ओळखणाऱ्यालाच असं सुचतं.

---

उंबरा

मी मराठवाड्यात शिक्षिका आहे. कायद्यात मुलाला प्रौढ ठरवून टाकण्याबद्दल सुपारीबाग यांनी लिहिलं ते वाचून आमच्याकडचं लिहावंसं वाटलं.

आमच्या भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती लग्नात नाही तर दवाखान्यात संपलेली असते, आणि हंगामभर तोडून ती फेडायची. मुलं सोबत जातात. वर्गात पटावर चाळीस नावं असली तरी नोव्हेंबरात समोर वीस-बावीस डोकी.

फडावर मूल कामगार नसतं. त्याचं नाव कुठेच नसतं. पण पहाटे चारला आई-बाप उठले की नऊ वर्षांची मुलगीही उठते. पाणी आणणं, चूल, धाकट्याला कडेवर घेणं, आईनं तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधू लागणं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हंगामाहून परत आल्यावर निबंधात लिहिलं होतं, "मी काम करत नाही, मी आईला हातभार लावते." तिच्या दोन्ही तळहातांना पाचटाचे काप होते.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा काय म्हणतो? चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या कामात मदत करायला मुभा आहे. आता फडावर शाळा कधी सुटते? सुटायला ती भरावी लागते. साखरशाळा (ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यापाशी भरणाऱ्या शाळा) निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. जिथे नीट चालतात तिथे मुलं खरोखर टिकतात, हे मी बघितलं आहे. आजी-आजोबांपाशी ठेवून हंगामी वसतिगृहात जेवणारी मुलं वर्गात राहतात. पण मंजुरी यायला उशीर झाला की गाड्या गेलेल्या असतात आणि मुलंही.

म्हणून लोखंडे यांची पाचवी मागणी मला आजची वाटते. फडावर बैलगाडीखाली, ट्रॅक्टरखाली मूल आलं तर ते कुणाचं? कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो मी आईबापाला आणलं होतं, पोराला नाही.

---

रानवारा

उंबराताई, तुमचा प्रतिसाद वाचून काही सुचेना. त्या निबंधातलं वाक्य मनातून जात नाही.

सुपारीबाग, एक विचारू? लोखंडे यांचा शेवट कसा झाला? तुम्ही १८९७ एवढंच लिहिलंत.

---

सुपारीबाग

उंबराताई, तुमच्यामुळे हा धागा जिथे जायला हवा होता तिथे गेला. १८८१ च्या कायद्यात वय बदललं की मूल नाहीसं व्हायचं, तुमच्याकडे "मदत" म्हटलं की नाहीसं होतं. म्हणून मला तुमच्या पटावरची नावं फार महत्त्वाची वाटतात. फडावर नाव नाही, पण शाळेच्या पटावर आहे, तारखेनिशी. कोणतं मूल कुठल्या आठवड्यात गेलं, कधी परत आलं, हा कागद कुणाला अमान्य करता येणार नाही. वसतिगृहाच्या मंजुरीचा अर्ज करताना मागच्या तीन-चार हंगामांचा हा तक्ता सोबत जोडता आला तर बघा. शाळेच्या दप्तरात तो असणारच, वेगळा खर्च नाही. लिहायला, टंकायला मदत लागली तर मी करीन, निरोप पाठवा.

रानवारा, १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. माणसं हजारोंनी गावाकडे पळाली, गिरण्या ओस पडायला लागल्या. गाव गाठायचे पैसे ज्यांच्याकडे नव्हते ते चाळींतच राहिले, आणि सरकारी इस्पितळाची भीती इतकी की रोगी लपवून ठेवायचे. लोखंडे यांनी त्या दिवसांत रुग्णांसाठी इस्पितळ उभं करण्यात पुढाकार घेतला, वस्त्यांत फिरले, लोकांना उपचाराला आणलं. त्यात त्यांनाच लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले, वय पन्नाशीच्या आतलं. महिन्याभरानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाईही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. सत्यशोधकांनी त्या एका साथीत ही दोन माणसं गमावली.

---

पाळीवाला

सुपारीबाग, तो तक्त्याचा विचार चांगला आहे. मी एका छापखान्यात आहे. उंबराताई, नमुना तयार झाला की मला द्या. ज्या ज्या शाळांना हवा असेल त्यांच्यासाठी कोरे तक्ते छापून देतो, पैसे नकोत. रकाने किती हवेत तेवढं मात्र शिक्षकांनीच ठरवा.

---

उंबरा

दादा, नक्की. आमच्या केंद्रातल्या शाळांत या शनिवारी बोलते. रकाने मला आत्ता सुचतात ते : मुलाचं नाव, इयत्ता, गेल्याची तारीख, कुठल्या जिल्ह्यात, सोबत धाकटं भावंड आहे का, परत आल्याची तारीख, आणि परत आल्यावर वर्गात बसलं का. शेवटचा रकाना कुणीच ठेवत नाही, आणि गळती खरी तिथेच होते. मुलगी असेल तर त्या रकान्यात बहुतेक "नाही" येतं. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे हातात यायला हवं, म्हणजे दसऱ्यापर्यंत.